बिनपाषाणाची विहीर

उखाबाबा छातीएवढ्या खड्ड्यात उभा होता आणि त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

सगळं आयुष्य विहिरी खणण्यात गेलेला माणूस. अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यातल्या कुठल्याही शेतात नेऊन सोडा, पायानं दोनदा माती उकरून सांगायचा, की इथे काळी किती, तिच्याखाली मुरूम किती आणि पाषाण कुठे लागेल. जमीन म्हणजे त्याच्या लेखी एक घर होतं. वर धाबं, मधे माळा, खाली फरशी. फरशी फोडली की पाणी. आणि इथे सुरतेत, पांडेसऱ्याच्या मागच्या या प्लॉटात, फरशीच नव्हती. पहार मारली की लोण्यात घुसल्यासारखी घुसायची. काळी चिकण संपली, पिवळी आली, पिवळीत वाळू आली, आणि काल तर खड्ड्याची एक बाजू जराही आवाज न करता त्याच्या पायांवर येऊन बसली. गुडघ्यापर्यंत गाडला गेला. मुलानं बगलेत हात घालून ओढून काढला, तेव्हा एक चप्पल आतच राहिली.

"मामा, वर या," काठावरून विशाखा म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. सातवा महिना लागलेला, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"येतो. जरा बघू दे."

"काय बघायचं राह्यलं? कालचीच माती आहे."

"तेच बघतोय," उखा म्हणाला. "ही माती कशावर उभी आहे, तेच समजत नाही."

हा खड्डा कशासाठी, ते सांगितलं पाहिजे. गल्लीच्या तोंडाशी एक डंकी होती. हातपंपाला सुरतेत डंकी म्हणतात. सगळी गल्ली खानदेशी. मागावर, मिलमध्ये, मजुरीवर पोट भरणारी. सुरतेत प्लेग आला त्या साली ही सगळी माणसं एकाच गाडीला लोंबकळून गावाकडे पळाली होती, तेव्हा कोणी कोणाला तुझी जात कोणती म्हणून विचारलं नाही. परत आल्यावर आठवलं. विशाखा पाणी भरून बाजूला झाली, की शेजारची धुरपदाबाई, उखाच्याच गावाकडची, पुढे व्हायची आणि आपली कळशी लावायच्या आधी तांब्याभर पाणी डंकीच्या तोंडावर आणि दांड्यावर ओतायची. तोंडानं काही बोलायची नाही. ओतायची, आणि मग भरायची. गाव सुटलं, शेत सुटलं, भाषासुद्धा अर्धी सुटली. पण पाणवठा काही सुटला नाही, तो गाठोड्यात बांधून आणला होता.

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा विशाखानं भरलेली कळशी तिथेच सोडली आणि रिकाम्या हातानं घरी आली. नवऱ्याला, सुकदेवला, म्हणाली, "त्या डंकीला मी पुन्हा हात लावणार नाही. दारात पाणी आणा. नाहीतर भाऊ रविवारी येऊन राह्यला, त्याच्याबरोबर भुसावळला जाते. बाळंतपण तिकडे होईल, आणि मग मी परत येणार नाही. लेकरालाही त्या रांगेत उभं करणार नाही."

सुकदेव कापड रंगवायच्या मिलमध्ये होता. त्याच्या नखांत कायम कुठला तरी रंग असायचा. त्यानं नखांकडे पाहिलं. तेव्हा कोपऱ्यात बसलेला उखा म्हणाला, "कुठे जाऊ नको. मी विहीर खणून देतो. अर्ध्या तालुक्याला दिली, तुला नाही देणार का?"

बोलून गेला. बोलायला कारणही होतं. बोअरच्या गाड्या आल्यापासून गावात त्याला कोणी विचारत नव्हतं; मुलाच्या घरी येऊन बसून खात होता. आणि एक दुसरी गोष्ट होती, ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. त्यानं खणलेल्या एवढ्या विहिरी, पण एकीचंही पाणी तो प्यायला नव्हता. पाणी लागायचं, मालक नारळ फोडायचा, उखाला दोरानं वर ओढायचे, आणि त्या घटकेपासून त्याला काठावर चढायची बंदी. ज्या पाण्याला त्याच्या घणानं वाट दिली ते त्याच्या हातानं बाटायचं. हरामखोरी याहून वेगळी नसते, पण तिला तिथे रीत म्हणायचे.

आता रविवार दोन दिवसांवर आला होता, विशाखाची बॅग भरून पेटीवर ठेवलेली होती, आणि उखा खड्ड्यात उभा राहून भिंत ढासळायची वाट बघत होता.

"उखाबाबा," कुंपणापलीकडून धुरपदाबाईचा आवाज आला. "पाताळात पोचले का?"

"पोचलो की तुला हाक मारतो, बाई."

"मारा, मारा. तोवर पावसाळा येईल, आपोआप भरेल."

संध्याकाळी लोटू आला. मागांची दुरुस्ती करणारा माणूस, मूळचा शिरपूरचा, वीसेक वर्षं सुरतेत मुरलेला. रिकाम्या वेळात लोकांना डंक्या बसवून द्यायचा. त्यानं खड्ड्यात डोकावलं.

"काय करी राह्यना बाबा? कबर खणी राह्यना का?"

"विहीर," उखा म्हणाला.

"इथे विहीर कोण खणतं? ही तापीनं आणून टाकलेली माती. हिला खणायचं नसतं, हिच्यात पाइप सरकवायचा. तुम्ही, मी आणि सुकदेव, तिघांत उद्या दुपारपर्यंत पाणी."

"पाइपातून पाणी दिसणार कसं?"

"दिसायला कशाला पाहिजे? तळहाताला कळतं."

उखाला हे अजिबात पटलं नाही. पण खड्ड्याची दुसरी बाजूही रात्रीतून आत बसली, म्हणून सकाळी तयार झाला. लोटूनं संडासापासून आणि मागच्या नाल्यापासून लांबची जागा धरली. नाल्याला त्या दिवशी जांभळं पाणी होतं. आदल्या दिवशी हिरवं होतं. लोटू नारळ घेऊन आला होता.

"आमच्यात नारळ नाही फोडत," उखा म्हणाला. "गूळ वाट."

"मग नारळाची चटणी करा," लोटू म्हणाला आणि नारळ विशाखाच्या हातात दिला.

काम असं होतं. जमिनीत बादलीएवढा खळगा केला, तो पाण्यानं भरून ठेवायचा आणि त्यात शेण कालवायचं, म्हणजे भोकाच्या कडा शेणानं सारवल्या जातात आणि ढासळत नाहीत. त्या खळग्यात लोखंडी पाइप उभा. पाइपला साखळी, साखळी लांब बांबूला, बांबू दोन खांबांवर आडवा टेकवलेला. सुकदेव बांबूचं टोक दाबायचा, पाइप वर उचलला जायचा. सोडायचा, पाइप खाली आपटायचा. आणि एक माणूस स्टुलावर उभा राहून पाइपच्या तोंडावर तळहात ठेवायचा. पाइप वर जाताना हात घट्ट दाबायचा, खाली येताना उचलायचा. उचलला की पाइपच्या तोंडातून गढूळ पाणी उसळायचं आणि त्याच्याबरोबर खालची माती बाहेर. पाइप आपल्या वजनानं खाली उतरत जायचा.

"हात मी ठेवतो," उखा म्हणाला.

पहिल्यांदा चुकला. उलट्या वेळी दाबला, चिखल तोंडावर आला. विशाखा हसली. तो रागावला नाही. बऱ्याच दिवसांत ती हसली नव्हती. मग हाताला ताल सापडला. दाब, सोड. दाब, सोड. पाइप सरसर उतरत होता, एक तुकडा गेला की लोटू दुसरा जोडायचा. उखाला हे सगळं चोरीसारखं वाटत होतं. घाम नाही, सुरुंग नाही, दगडाची ठिणगी नाही. माती आपणहून वर येत होती. तो उसळलेल्या चिखलातून चिमूटभर घ्यायचा, बोटांत चोळायचा, जिभेवर ठेवायचा. चिकण. गाळ. बारीक रेती. मग एकदम जाड रेती, बोटांत टोचणारी, आणि त्याच वेळी त्याच्या तळहाताला खालून कोणीतरी धरून ओढल्यासारखं झालं. खळग्यातलं पाणी भराभर कमी होऊ लागलं.

"बस बाबा, आवी गयुं, आलं पाणी," लोटू म्हणाला. "हीच रेती. पाणी पिते म्हणजे पाणी देते. वीस-बावीस फुटांवर आलो. आता पाइप काढायचा, जाळीचा पाइप सोडायचा, वर डंकी."

वाटीभर पाणी उपसून चाखलं. गोड होतं. विशाखानंही चाखलं, आणि बॅगेकडे न बघता आत गेली.

उखा मात्र स्टुलावरून उतरेना.

"पाषाण कुठे लागला?" तो म्हणाला.

"कसला पाषाण?"

"हे वरचं पाणी आहे. पावसाचं मुरलेलं. असं पाणी आमच्याकडे दहा हातांवर लागतं आणि होळीनंतर पळून जातं. मालक नाचतात, मी त्यांना सांगायचो, थांबा. पाषाणाखालचं ते खरं पाणी. ही पोर उन्हाळ्यात बाळंत होणार. तेव्हा पाणी पळालं तर?"

"इथे नाही पळत, बाबा."

"तुला काय माहीत? तू विहिरी खणल्या का?"

लोटूची पाळीची वेळ झाली होती. तो हात धुता धुता म्हणाला, "उद्या सकाळी येतो, जाळी बसवू. पाइपला आता हात लावू नका. ऐकलं का सुकदेव?" आणि सायकलवर टांग टाकून गेला.

सुकदेवनं बापाकडे पाहिलं. बाप पाइपकडे बघत होता. या बापानं फोडलेला दगड बघत तो लहानाचा मोठा झाला होता. विहिरीच्या बाबतीत बाप चुकू शकतो, हे त्याच्या डोक्यात बसतच नव्हतं.

"चल," उखा म्हणाला. "एकच तुकडा जोडू."

एक जोडला. मग दुसरा. जाड रेती संपली, आणि पाइप ठण्ण करून वाजला. बांबू सुकदेवच्या हातात थरथरला. उखाच्या तळहातापासून खांद्यापर्यंत ओळखीची कळ गेली, आणि म्हातारा उजळला.

"लागला," तो म्हणाला. "आता बोल म्हणावं त्या मागवाल्याला. घाल जोरात."

जोरात घाव घातले. पाइप इंच इंच जात होता, आणि उखाला प्रत्येक इंच गोड लागत होता. पाइप तुंबला तेव्हा दोघांनी तो वर ओढला, तोंडात अडकलेला गट्टू सळईनं ढकलून काढला. पिवळट, कडक, आत पांढरे खडे. नखानं खरवडला तरी उतरेना. पाषाणावरचा शेवटचा मुरूम असाच असतो. उखानं तो गट्टू विशाखाला नेऊन दाखवला, जसा एखादा मुलगा पास झाल्याचा कागद दाखवतो.

"याच्याखाली आहे," तो म्हणाला. "जन्मभर पुरेल."

पुन्हा पाइप उतरवला. ठोकता ठोकता एकदम तो हातभर खाली गेला, एखाद्या रिकाम्या खोलीत पडावा तसा. उखाचा हात आपोआप उचलला गेला. पाइपातून बारीक काळसर वाळू उसळली, आणि पाणी. भरपूर पाणी. पाषाण फुटला की पहार अशीच खाली जाते, पण त्यानंतर दगडाचे कण यायला पाहिजेत. दगडाचे कण आले नाहीत. उखानं ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि पाणी थुंकून टाकलं.

"काय झालं?" सुकदेवनं विचारलं.

उखानं परत ओंजळ भरली. परत थुंकला. "तू बघ," तो म्हणाला.

सुकदेवनं चाखलं. "खारं आहे बाबा."

"खारं कसं असेल? पाषाणाखालचं आहे."

त्याला वाटलं आपलीच जीभ बिघडली असेल. विशाखाला बोलावलं. तिनं चाखलं, कळशीभर घेऊन गेली आणि त्यात तुरीची डाळ शिजायला घातली. रॉकेलचा स्टोव्ह भरभरत राहिला. डाळ नाचत राहिली. दाणा दाण्याला चिकटेना. तिनं एक दाणा बोटांत दाबला, तो टणकन उडून भिंतीवर लागला.

तिनं स्टोव्ह बंद केला. "भाऊ उद्या सकाळच्या पॅसेंजरनं येऊन राह्यला," एवढंच म्हणाली.

उखा ओट्यावर बसून राहिला. हातात तो पिवळा गट्टू होता. काहीतरी करायचं म्हणून त्यानं तो तांब्यातल्या पाण्यात टाकला. आधी बुडबुडे आले. मग कडा सुटल्या. मग गट्टू बसला, पसरला, आणि तांब्याच्या तळाशी फक्त चिखल राहिला आणि चार पांढरे खडे. उखानं बोट घालून ढवळलं. शोधलं. बोटाला काही लागलं नाही.

त्याचा पाषाण पाण्यात विरघळला होता.

वर गोड आणि खाली खारं, हे कसं? दगडासारखं वाजतं आणि लोण्यासारखं विरघळतं, ते कसं? मग एवढी घरं, मिली, धुराडी, पर्वत पाटियाकडची ती कापडाची मार्केटं, हे सगळं कशावर उभं आहे? त्यानं ओट्यावर टाच आपटून बघितली. ओटा वाजला. खाली उतरून जमिनीवर आपटली. जमीन काही बोलली नाही.

सकाळी लोटू आला, पाइप बघितला, चाखलं, आणि कपाळाला हात लावून तिथेच बसला.

"कोणी सांगितलं होतं?" तो म्हणाला. "बाबा, ती चिकणमाती होती. थापी मारून घट्ट बसवल्यासारखी. खालचं खाडीचं खारं पाणी तिनं दाबून धरलं होतं, बाटलीच्या बुचासारखं. तुम्ही बूच फोडलं. आता खारं वर चढणार आणि गोड पण नासणार."

"मला वाटलं मुरूम आहे."

"मुरूम तुमच्या पारोळ्याला राहिला. इथे कुठून येणार?"

"मग इथे पाषाण आहे तरी कुठे?"

"मला काय माहीत? मी कधी गेलो नाही एवढा खाली. नसेलही."

'नसेलही' हा शब्द उखाच्या डोक्यात नुसता फिरत राहिला, बसायला जागा सापडेना. मग म्हणाला, "बूच फोडलं तर परत बसवता येत नाही का?"

लोटूनं मान वर केली. "बसतं. पण माती तीच पाहिजे. चिकण, रेती नसलेली."

तशी माती होती. उखाच्या ढासळलेल्या खड्ड्याशेजारी काळ्या चिकणमातीचा ढीग पडलेला होताच. त्या खड्ड्याचा तेवढाच उपयोग झाला. म्हातारा धोतर खोचून माती पायानं तुडवायला लागला. खडा लागला की वाकून काढायचा, केस लागला तरी काढायचा. विशाखा दारात उभी राहून बघत होती. मग येऊन समोर बसली आणि गोळे वळायला लागली. सुपारीएवढे, पाइपात न अडकतील असे.

"जन्मात पहिल्यांदा भोक बुजवतोय," उखा म्हणाला.

"बुजवा नीट," ती म्हणाली. "लाडू तरी गोल करून राह्यले मी."

गोळे उन्हात कोरडे केले. पाइप वर ओढून तोंड चिकणमातीच्या थरात आणून ठेवलं आणि आतून गोळे सोडले. मूठभर सोडायचे, लांब सळईनं ठोकायचे, पाइप जरा उचलायचा, पुन्हा मूठभर. सळई उखानं धरली होती. घण मारायची सवय असलेला हात, पण इथे जोर करायचा नव्हता, दाबायचं होतं. किती दाबलं म्हणजे पुरे, ते त्याला कळेना. लोटूला दर वेळी विचारायचा, "बसलं का?" लोटू म्हणायचा, "तुमच्या हाताला काय वाटतं?" आणि उखाला काय वाटतं, तेच सांगता येत नव्हतं.

मग जाड रेतीत प्लॅस्टिकचा पाइप सोडायचा होता, करवतीनं बारीक चिरा पाडलेला. चिरांवर गुंडाळायला कापड पाहिजे. "सुती नको, कुजतं," लोटू म्हणाला. "पॉलिस्टर. जुनी साडी असेल तर बघा वहिनी."

घरातल्या सगळ्या साड्या पेटीवरच्या बॅगेत होत्या. विशाखा आत गेली. चेन उघडल्याचा आवाज बाहेर आला. तिनं गुलाबी साडी आणली, मिलमधलीच, सुकदेवनं लग्नानंतर पहिल्यांदा घेतलेली.

"ही?" सुकदेव म्हणाला.

"बाकीच्या सुती आहेत," ती म्हणाली आणि दातानं काठ फाडला.

डंकी बसली. आधी चिखल आला, मग गढूळ, मग नितळ. सुकदेव दांडा मारत होता. चव अजून मचूळ होती. "मारत राहा," लोटू म्हणाला. "आत सोडलेलं खारं बाहेर यायला पाहिजे."

एवढ्यात विशाखाचा भाऊ धम्मरत्न आला; गाडीला उशीर झाला होता. जय भीम झालं. बहिणीची बॅग अर्धी उघडी, तिचा सासरा चिखलात, नवरा डंकीला लोंबकळलेला, हे बघून तो कुठे बसावं ते न कळून उभाच राहिला. विशाखानं त्याला पाणी दिलं नाही. आधी नव्या डंकीच्या पाण्यात डाळ शिजायला टाकली.

धुरपदाबाई कळशी घेऊन दारावरून चालली होती, कुंपणाशी थांबली.

"लागलं म्हणायचं का पाणी?"

"लागलंय," उखा म्हणाला. "बाई, तुझ्या सासऱ्याच्या मळ्यातली विहीर आहे का अजून?"

"आहे ना. बारमाही. गोड पाणी."

"ती मी खणली."

"माहीत आहे की," ती म्हणाली. "सांगायचे मामंजी."

"मी चाखलं नाही ते पाणी कधी. गोड आहे म्हणतेस?"

धुरपदाबाईनं कळशी या कडेवरून त्या कडेवर घेतली. विशाखा तांब्या घेऊन कुंपणापर्यंत गेली आणि समोर धरला. "घ्या मावशी. आमचं बघा कसं आहे."

"नको गं," धुरपदाबाई म्हणाली. "आत्ताच चहा झाला." आणि गेली, गल्लीच्या तोंडाकडे, रांगेत.

विशाखा तांब्या घेऊन परत फिरली. तो उखाच्या हातात दिला. त्यानं दोन्ही हातांनी धरून वरून तोंडात ओतलं, आणि घोट तोंडातच ठेवला. गोड होतं का? होतं. की मचूळ? जरासं. की चिकणमातीची चव होती, की साडीची, की चव अशी काही नव्हतीच आणि त्यालाच ठाऊक नव्हतं, की आपल्या विहिरीचं पाणी कसं लागायला पाहिजे? सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं घोट गिळला.

"मला नका विचारू," तो म्हणाला.

आतून डाळीचा वास आला. विशाखा आत गेली, पळी बुडवली, एक दाणा बोटांत धरला आणि दाबला. बोटाला बोट लागलं. तिनं पुन्हा एक दाबला. मग फोडणी दिली, चार ताटं मांडली.

जेवताना धम्मरत्ननं बॅगेकडे पाहिलं. "मग मी एकटाच जाऊ का?"

"जा," विशाखा म्हणाली. "आईला सांग, इथं डाळ शिजते."

जेवण झाल्यावर उखा बाहेर आला. त्यानं डंकीभोवतीची माती पायानं दाबली. मग इकडेतिकडे बघून, कोणी नाही असं पाहून, टाचेनं जोरात आपटली आणि कान देऊन उभा राहिला. काहीच वाजलं नाही. तो दांड्यापाशी गेला, तांब्याभर पाणी काढलं आणि पुन्हा चाखलं.